वाढत्या अंगाचं

रेजिनाच्या खोलीतलं कॅलेंडर वर्षभर डिसेंबरवर उघडलेलं असायचं. जानेवारीत नवं कॅलेंडर आलं की ती आधीची सगळी पानं मागे दुमडून टाचणीने अडकवायची आणि शेवटचं पान पुढे आणायची. त्या पानाच्या कडेला तिच्या सुया टोचलेल्या असत. तारीख बघायला बायच्या खोलीत जायचं नाही, हे वसतिगृहातल्या मुलींना पहिल्याच आठवड्यात कळायचं. मला कळायला जरा वेळ लागला. एका आषाढात तिच्याकडे चहा पिऊन मी थेट वर्गावर गेले आणि फळ्यावर ऐटीत डिसेंबरची तारीख लिहिली. बाहेर पाऊस कोसळत होता, खिडकीतून धुकं आत येऊन मागच्या बाकांवर बसलं होतं. आठवीच्या पोरींनी ती तारीख मुकाट्याने वहीत उतरवून घेतली. बाईंनी लिहिलंय म्हणजे असेल, असं त्यांना वाटलं असावं.

जव्हारहून मोखाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची शाळा आहे. शाळेला लागून मुलींचं वसतिगृह, आणि रेजिना त्या वसतिगृहाची रेक्टर. मी शाळेत मराठी शिकवते. मला राहायला आवारातच खोली मिळाली, तीही रेजिनाच्या भिंतीला भिंत लावून, म्हणून आमची ओळख. ती वसईकडच्या ख्रिस्ती घरातली. उंच, रुंद खांद्यांची आणि हात इतके लांब की तिच्या पोलक्याच्या बाह्या नेहमी आखूड वाटायच्या. मुली तिला बाय म्हणायच्या. ती मला मास्तरीण म्हणायची, आणि त्यात आदर कमी व चेष्टा जास्त असायची.

मे महिन्यात ती गावी जाऊन यायची, ती एक पत्र्याची ट्रंक घेऊनच. तिच्या मावसभावाचं शिलाईचं दुकान होतं. तिथली वर्षभराची उरलेली कापडं त्या ट्रंकेत भरलेली असत. वर सोडे आणि सुकटीची पुडी, त्यामुळे ट्रंक उघडली की खोलीभर वसई पसरायची. कापडं जमिनीवर अंथरून ती त्यांच्यामध्ये बसायची. घामाने निथळत, पंख्याला शिव्या देत, नाताळच्या भेटी आखायची.

मी जातीची आयत्या वेळची बाई. माझ्या दिवाळीच्या चकल्या पहिल्या अंघोळीच्या आदल्या संध्याकाळी तळणीत पडतात. त्यामुळे मला तिची ही लगबग बघून हसू यायचं. एकदा म्हटलं, अगं, तुमचा देव अजून आईच्या पोटात तरी आहे का? ती सुईत दोरा ओवत शांतपणे म्हणाली, आहे तर. पंचवीस मार्चलाच देवदूत येऊन सांगून गेला. म्हणजे आता तिसरा महिना लागला. तिसऱ्या महिन्यात आई शिवायला बसत नाही का? हा बाळंतविडाच आहे, फक्त बाळाच्या नावाने दुसऱ्यांच्या अंगावर घालायचा.  घरात बाळ यायचं असलं की झबली-टोपडी शिवून ठेवायची, ही गोष्ट मला माझ्या आईने शिकवलेली होती, पण ती मे महिन्यात नाताळला लागू पडेल असं कधी सुचलं नव्हतं.

ती शिवायची जाकिटं. बिनबाह्यांची, गोधडीसारखी, आत-बाहेर दोन कापडं आणि मध्ये जुनी मऊ साडी. जव्हारची थंडी बाहेरच्या माणसाला खरी वाटत नाही. मार्गशीर्षात सकाळी मुली प्रार्थनेला उभ्या राहिल्या की त्यांच्या तोंडातून वाफा निघतात, आणि अंगात गणवेशाचं ते पातळ कापड. वसतिगृहात मोठी झालेली प्रत्येक मुलगी रेजिनाचं एक तरी जाकीट घालून मोठी झाली. तुकडे कापायचे जूनमध्ये, जोडायचे पावसाळाभर, दसऱ्यानंतर गोधडीला घालतात तसा दोरा घालायचा, आणि दिवाळी झाली की काजं आणि बटणं. पावसाळ्यात कापड सादळायचं म्हणून ती ते स्वयंपाकघरात चुलीच्या वर दोरीवर टांगायची. तिच्या सगळ्या भेटींना धुराचा वास यायचा. मुली जाकीट मिळाल्यावर आधी नाकाला लावायच्या, मग अंगात घालायच्या.

प्रत्येक जाकिटाला आतल्या बाजूने, डाव्या हाताला, एक खिसा असायचा. तो मात्र ट्रंकेतल्या कापडाचा नसे. मुलगी शाळेत दाखल व्हायची तेव्हाच रेजिना तिच्या आईकडे जुन्या लुगड्याचा तुकडा मागून घ्यायची. आया बिचाऱ्या संकोचायच्या, फाटलेलं कसं द्यायचं म्हणायच्या. रेजिना म्हणायची, फाटलेलंच दे, ते जास्त मऊ असतं.

हे सगळं म्हणे गुपित होतं. दाराला कडी लावून शिवण चालायचं आणि मुली फटीतून बघायच्या, ते रेजिनाला माहीत असायचं. रात्री जेवताना एखादी मुलगी साळसूदपणे म्हणायची की बाय, मना निळा रंग लई आवडतो, आणि रेजिना तितक्याच साळसूदपणे म्हणायची, मग मी काय करू? नाताळच्या आदल्या सकाळपर्यंत मात्र कुणाला काही मिळत नसे. ताप आला, रडू आलं, घरची आठवण आली, तरी नाही. त्या बाबतीत ती दगड होती.

मापाची गोष्ट मंजुळापासून सुरू झाली.

मंजुळा साखरशेतची. पाचवीत आली तेव्हा तिला पोहोचवायला तिची आजी आली होती. रेजिनाने नव्या मुलीचं माप घ्यायला टेप काढली, तशी म्हातारी उठून मध्येच उभी राहिली. "दोरीनं पोर मोजू नको, बाय," ती म्हणाली. "दोरीनं मोजतात ती न्यायची असतात." तिरडीसाठी प्रेताचं माप दोरीने घेतात, ते मला आठवलं. रेजिनाने टेप गुंडाळून खिशात टाकली आणि तिला विचारलं, मग कसं मोजू, आजी? म्हातारी म्हणाली, "गवत कसं मोजतंस? कवेत घे."

रेजिनाने मंजुळाला कवेत घेतलं. पोरगी लाजून लाकूड झाली होती. रेजिनाचे लांब हात तिच्या पाठीमागे जाऊन एकमेकांवर आले आणि उजव्या हाताची बोटं डाव्या कोपराच्या किती वर पोहोचली, ते तिने बघून ठेवलं. तेवढं माप; बोटं जितकी वर, तितकी मुलगी बारीक. हनुवटीपाशी डोकं आलं ती उंची. त्या दिवसापासून टेप ट्रंकेच्या तळाशी गेली ती गेलीच. दर जूनला शाळा उघडली की व्हरांड्यात मुलींची रांग लागायची आणि रेजिना एकेकीला कवेत घेऊन सोडायची. नव्या मुली, आईला सोडून आलेल्या, त्या रांगेत उभ्या असताना डोळे पुसत असत. त्यांना वाटायचं हा शाळेचा नियमच आहे. काही जणी तर माप नीट झालं नाही म्हणून पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहायच्या, आणि रेजिना त्यांचं पुन्हा माप घ्यायची.

पण जूनचं माप डिसेंबरला कसं बसणार? मी तिला हे दरवर्षी विचारायचे, मुद्दाम. पोरी वाढत्या वयाच्या, त्यात आमच्या इथे कोण किती वाढेल याचा भरवसा नाही. एखादी पावसाळ्यात ताडासारखी वाढते, एखादी आजारी पडून होती तिथेच राहते. नोव्हेंबरमध्ये कापायला काय होतं? एकदा ती कात्री खाली ठेवून म्हणाली, "आयत्या वेळी कापलं तर आहे तेवढीच मुलगी दिसते गो, मास्तरीण. आता कापते तेव्हा मला ती डिसेंबरची दिसते." आणि खरंच, ती कापड हातात धरून बराच वेळ समोरच्या धुक्याकडे बघत बसायची. ओठ हलत असायचे. तिच्याकडच्या बोलीतलं काहीतरी गुणगुणायची, ते मला कधी नीट कळलं नाही. मग खडूने रेघ मारायची, मापापेक्षा बाहेर. वाढत्या अंगाचं, म्हणायची. तिचा अंदाज सहसा चुकत नसे, आणि चुकला तर तिला वाईट वाटायचं, जाकिटासाठी नव्हे, मुलगी तेवढी वाढली नाही म्हणून.

मंजुळा आठवीत होती त्या वर्षी तिच्या जाकिटाला रेजिनाने जांभळं कापड लावलं होतं. आतला खिसा आईच्या हिरव्या लुगड्याचा. मंजुळा हुशार होती, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हट्टी होती. दिवाळीनंतर आमच्याकडची निम्मी घरं जगायला जातात. इकडे कामाला जाण्याला जगायला जाणंच म्हणतात. भात निघाला की भिवंडी, वसई, ठाणे, कुठल्या तरी वीटभट्टीवर, आणि पोरीबाळी बरोबर. दर वर्षी बापाने न्यायचं म्हटलं की मंजुळा सांगायची, माझी नाताळ बाकी आहे. बाप निमूट एकटाच परत जायचा. एवढ्याशा कारणावर तो कसा ऐकतो, याचं मला नवल वाटायचं.

त्याचा उलगडा त्या वर्षी झाला. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुली नुकत्याच परत आल्या होत्या. मंजुळाचा बाप सकाळच्या जिपेने आला आणि वसतिगृहाच्या पायरीवर टोपी काढून उभा राहिला. रेजिना बाहेर आली. मी माझ्या दारात तांदूळ निवडत होते. त्याने विचारलं, "बाय, हिची नाताळ झाली कं? झाली असंल तं नेतो. आन पास झाली तं सांगा."

नाताळ ही परीक्षा आहे, असं तो इतकी वर्षं समजून चालला होता. सहामाही, वार्षिक, तशी नाताळ. पोरीने ते समजू दिलं होतं. ती दाराआड उभी राहून डोळ्यांनी रेजिनाला विनवत होती, ते मला माझ्या जागेवरून दिसत होतं. मी असते तर खुशाल सांगितलं असतं की नाही झाली बाबा, फार अवघड असते, जा तू. रेजिनाला नुसती मान हलवायची होती. तिने ओठ आवळले, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि खरं ते सांगितलं. की नाताळ परीक्षा नाही, तिच्या देवाच्या जन्माचा दिवस आहे. गरीब घरी मूल झालं होतं, त्याची आठवण म्हणून ती मुलींना काहीतरी शिवून देते. मंजुळासाठीही शिवलंय. तेवढ्यासाठी तरी पोरीला थांबू द्यावं, शाळा तर आहेच.

बापाने सगळं नीट ऐकून घेतलं. तो रागावला नाही. त्याने टोपी हातात फिरवली आणि म्हणाला, "बाय, माझ्या घरीबी जन्मलाय. आठ दिस झालं. आमी दोघं भट्टीवर, त्याला कोण धरंल?"

  आजी गेल्या उन्हाळ्यात वारली होती, घरात दुसरं कुणी नव्हतं. मंजुळा आत गेली आणि पिशवी भरून आली. रडली नाही, रेजिनाकडे बघितलंही नाही. मी रेजिनाला हळूच म्हटलं, जाकीट देऊन टाक. ती म्हणाली, काजं व्हायची आहेत अजून. मग मंजुळापाशी जाऊन म्हणाली, "नाताळला मी घरी जातेच. भट्टी माझ्या वाटेवर आहे. मी स्वतः आणून देते, बटणं लावून." मंजुळाने मान हलवली. जीप गेल्यावर रेजिना पायरीवर बसून होती. तिला मी कधी रिकाम्या हातांनी बसलेलं पाहिलं नव्हतं.

नाताळच्या आदल्या दिवशी बाकीच्या मुलींना भेटी वाटून ती मंजुळाचं जाकीट कापडी पिशवीत घालून निघाली. बापाने सांगितलेल्या भट्टीवर ते लोक नव्हते, मुकादमाने त्यांना दुसरीकडे हलवलं होतं. दुसऱ्या भट्टीवर तिसरीचं नाव सांगितलं. सगळीकडे धूर, सगळीकडे कडेवर भावंडं घेतलेल्या मुली, आणि लांबून प्रत्येक मुलगी मंजुळाच वाटायची, असं ती नंतर मला म्हणाली. घरी पोहोचली तेव्हा गावच्या चर्चमधली मध्यरात्रीची मिस्सा सुटून लोक परतत होते. सुट्टी संपवून ती आली ती पिशवी तशीच घेऊन.

पुढच्या पावसाळ्यात साखरशेतचं ते घर उघडलंच नाही. बापाला भिवंडीला गोदामात बारमाही काम मिळालं, एवढंच गावातून कळलं. मला वाटलं, विषय संपला. पण त्या जूनमध्ये, व्हरांड्यातल्या मुलींची मापं झाल्यावर, रेजिना खोलीत आली, ट्रंकेतून जांभळं जाकीट काढलं आणि बाजूची शिवण उसवू लागली. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, एक वर्ष झालं, वाढली असेल ना ती.

तिने दोन्ही बाजूंना पट्टी जोडली. त्याच्या पुढच्या जूनलाही जोडली. मग खांदे उसवून उंची वाढवली. दर वर्षी ती दाराला कडी लावून, दोन्ही हात समोर रिकामे गोल धरून उभी राहायची, बोटं कोपरापासून कुठे येतील त्याचा अंदाज घ्यायची आणि मग कात्री उचलायची. मी हे एकदा खिडकीतून पाहिलं आणि मागच्या मागे फिरले. त्याची थट्टा मला करता आली नाही. बाहेर धुकं, कौलांवरून पाणी, आणि आत ही बाई नसलेल्या मुलीला मिठीत घेऊन उभी. कुठल्या तरी भट्टीवर, कुठल्या तरी चाळीत मंजुळा वाढत होती की नाही, कुणास ठाऊक. इथे मात्र ती दर वर्षी बोटभर वाढत होती. वर्षं गेली, तसं ते जाकीट एका बाईच्या मापाचं झालं.

रेजिना निवृत्त झाली ती मे महिन्यातच. त्या वर्षी ट्रंक पहिल्यांदा उलट दिशेने निघाली. मी तिला पोहोचवायला जव्हारच्या डेपोवर गेले. वसतिगृहाच्या जुन्या मुली सकाळपासून येऊन भेटून गेल्या होत्या. कुणी नाचणीचं पीठ आणलं होतं, कुणी करवंदं. सगळं सामान गाडीत चढलं. कापडी पिशवी मात्र तिने हातातून सोडली नाही. कॅलेंडरही तिने गुंडाळून बरोबर घेतलं होतं, अर्थात डिसेंबर बाहेरच्या बाजूला ठेवून.

गाडीला थोडा वेळ होता. तेवढ्यात दाभोशाकडून आलेली जीप डेपोसमोर थांबली आणि तिच्यातून एक बाई उतरून आमच्याकडे भराभर चालत आली. मागून तिचा नवरा, अगं जपून, म्हणत. मी ओळखलं नाही. रेजिनाने पिशवी माझ्या हातात दिली आणि दोन्ही हात पसरले.

मंजुळाच होती. गेल्या वर्षी दाभोशाला दिली होती तिला. इतक्या जवळ येऊनही भेटायला आली नाही, कारण शाळा सोडून गेलेली, कोणत्या तोंडाने येऊ असं वाटायचं. आज जिपेत पोरी बोलत होत्या की बाय जाते, तेव्हा राहवलं नाही. हे सगळं ती रेजिनाच्या खांद्यात तोंड खुपसून सांगत होती. आणि मी रेजिनाच्या हातांकडे बघत होते. ते मंजुळाच्या पाठीमागे एकमेकांवर आले, आणि उजव्या हाताची बोटं चाचपडत कोपराकडे सरकली. मग कोपराच्याही पुढे गेली. रेजिनाचा चेहरा उतरला.

मंजुळा बाजूला झाली, डोळे पुसून हसली. "माझी नाताळ राहिलीच, बाय," ती म्हणाली.

रेजिनाने माझ्याकडून पिशवी घेतली. भर मे महिन्यात, डेपोच्या पत्र्याखाली, आयुष्यात पहिल्यांदा तिने नाताळची वाट न बघता भेट दिली. मंजुळाने जाकीट आधी नाकाला लावलं. मग आतला हिरवा खिसा उलटा करून बघितला आणि बराच वेळ बोटांत धरून ठेवला. अंगात घातलं तेव्हा ते खांद्यांवरून घसरत होतं. समोरच्या दोन्ही बाजू एकमेकींवर चढून उरत होत्या.

"चार बोटं जास्त धरलं गो मी," रेजिना म्हणाली.  "मला वाटलं, तू आणखी वाढली असशील."

मंजुळाने जाकिटाच्या दोन्ही बाजू पोटावर ओढून घेतल्या. तेव्हा तिचं पोट आमच्या लक्षात आलं. "राहू दे, बाय," ती म्हणाली. "आथा वाढत्या अंगाचंच लागंल मना."

रेजिनाने तिच्या पोटावर हात ठेवला. कधी, एवढंच विचारलं. भादव्यात, मंजुळा म्हणाली. तितक्यात कंडक्टरने घंटी दिली, मी रेजिनाला जवळजवळ ढकलूनच वर चढवलं. ती खिडकीशी बसली. आम्हा दोघींचे हात हलत होते, पण तिने हात हलवला नाही. तिने दोन्ही तळवे एकमेकांसमोर धरले, वीतभर अंतरावर, आणि भुवया उंचावून मंजुळाकडे बघितलं. एवढं?

मंजुळा हसली आणि खालून आपल्या हातांनी अंतर थोडं वाढवून दाखवलं. रेजिनाने तळवे तेवढे लांब केले. भादव्याला अजून अवकाश होता, पण तिला घरी पोहोचेपर्यंत माप विसरायचं नव्हतं. गाडी डेपोतून बाहेर पडून वळली, तेव्हाही तिचे हात खिडकीत तेवढ्याच अंतरावर धरलेले होते.